पर्समधलं रिव्हॉल्व्हर: वागवायला हलकं, चालवायला जड

ताई, तुमचा प्रश्न मी आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. हायवेवर तुमचा पेट्रोल पंप आहे. यजमान गेल्यापासून रोकड बँकेत न्यायचं काम तुम्हीच करता. शस्त्र परवाना मंजूर झाला आहे. दुकानदाराने अडीचशे ग्रॅमचं, बावीस बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप) 'निडर' रिव्हॉल्व्हर दाखवलं आणि सांगितलं, "मॅडम, पर्समध्ये टाका, वजनही जाणवणार नाही." टेक्सासमधला भाचाही म्हणतो की तिकडे खिशात मावणारं पिस्तूल सगळेच बाळगतात. तर एवढंसं हत्यार वेळेला कामाला येतं का, आणि ते पर्समध्ये ठेवणं सुरक्षित आहे का, असं तुम्ही विचारलंत.

मी ३१ वर्षं पोलीस दलात होतो, त्यातली २४ आर्मरर म्हणून. कोतमधली, म्हणजे पोलिसांच्या शस्त्रागारातली, शस्त्रं उघडायची, साफ करायची, दुरुस्त करायची आणि जवानांना नेमबाजीच्या रेंजवर उभं करायचं, हेच माझं काम. निवृत्तीनंतर परवानाधारकांना शिकवतो. त्या अनुभवावरून सांगतो, अगदी लहान हत्यार हे नवशिक्याचं हत्यार नाही. ते वागवायला जितकं सोपं, तितकंच चालवायला अवघड. त्याचा पहिला धोका समोरच्या चोराला नसतो, ते बाळगणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना असतो.

आपल्याकडे निवड मुळातच थोडी आहे. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर आहे. म्हणून उरतं ते मुख्यतः बत्तीस आणि बावीस बोअर. कानपूरचं जुनं बत्तीसचं पोलादी रिव्हॉल्व्हर साधारण ७०० ग्रॅमचं, मधून मोडून उघडणारं, वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या घराण्यातलं. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्याच कारखान्याने 'निर्भीक' आणलं. तेही बत्तीसच, पण टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं, किंमत तेव्हा १ लाख २२ हजार ३६० रुपये. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतरचे ते दिवस होते. महिलांसाठीचं रिव्हॉल्व्हर म्हणूनच त्याचा गाजावाजा झाला आणि नावही त्याच आठवणीतून आलं. त्यानंतर इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीचं 'निडर' आलं, आठ गोळ्यांचं आणि 'निर्भीक'पेक्षा बरंच स्वस्त. २०२३ मध्ये कानपूरहून 'प्रबल' आलं. 'निर्भीक'सारखं बत्तीसच, पण सिलिंडर (काडतुसांचं फिरतं चाक) बाजूला उघडणारं आणि पुन्हा ७०० ग्रॅमचं.

हलकं म्हणजे बायकांना सोयीचं, हा समज मला पटत नाही. यामागे साधं गणित आहे. काडतूस तेच ठेवून हत्याराचं वजन कमी केलं, की हाताला बसणारा झटका वाढतो. बत्तीसचं तेच काडतूस ७०० ऐवजी ५०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून उडवलं, तर मागे येणारी ऊर्जा जवळपास ४० टक्क्यांनी जास्त होते. पोलादी रिव्हॉल्व्हर पहिल्या गोळीनंतर जागेवर येतं, हलकं मात्र मुठीत फिरतं. दुसरी गोळी झाडण्याआधी पकड पुन्हा बसवावी लागते. त्यात लहान हत्याराची मूठही लहान असते. दोन बोटं बसतात, करंगळी हवेत राहते.

बावीसचा झटका फारच कमी असतो, हे खरं. तुमचा दुकानदारही तेच सांगेल. पण तिथे अडचण चापाची आहे. रिव्हॉल्व्हरचा घोडा (काडतुसावर ठोका देणारा मागचा हातोडा) आधी न चढवता नुसता चाप ओढला, तर बहुतेक बनावटींमध्ये पाच-सहा किलोचा जोर लागतो. हत्यार स्वतः पाव किलोचं. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या वीसपट जोराने तुम्ही ते ओढता आणि त्याच वेळी ते हलू नये अशी अपेक्षा करता.

हे पटवायला मी एक प्रयोग करून घेतो. हत्यार रिकामं करायचं, दोघांनी तपासायचं, नकली काडतुसं भरायची. मग नळीच्या वर, माशीच्या (नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेच्या) मागे रुपयाचं नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता चाप ओढायचा. मागच्या वर्षी एक शिक्षिका आल्या होत्या. हात स्थिर, ऐकण्याची तयारी, एकूण उत्तम विद्यार्थिनी. पोलादी रिव्हॉल्व्हरवर दहापैकी सहा वेळा नाणं टिकलं. नंतर त्यांच्या हातात छोटं बावीस दिलं. पहिल्याच ओढीला नाणं उजवीकडे घसरून मातीत पडलं. दहा वेळा केलं, दहाही वेळा पडलं. त्यांची काही चूक नव्हती. तर्जनी दाबली की सगळी मूठ आवळली जाते आणि एवढं हलकं हत्यार त्या आवळण्याबरोबर वळतं. नळीचं तोंड वळलं की गोळीही तिकडेच जाते. (बावीसवर हा सराव नकली काडतुसांशिवाय करू नका. त्याची पिन काडतुसाच्या कडेवर बसते. काडतुसाचं घर रिकामं असेल तर बऱ्याच बनावटींमध्ये ती थेट घराच्या ओठावर आदळते, आणि मग पिनही जाते व घरही.)

नेमाचंही तसंच. मागची खाच आणि पुढची माशी यांच्यातलं अंतर छोट्या हत्यारात आठ-नऊ सेंटिमीटर धरा. ९ सेंटिमीटरवर माशी १ मिलिमीटर सरकली, तर ७ मीटरवर गोळी जवळपास ८ सेंटिमीटर बाजूला जाते. १६ सेंटिमीटर अंतर असलेल्या मोठ्या पिस्तुलात तीच चूक साडेचार सेंटिमीटरची होते. चूक तेवढीच, दंड जवळजवळ दुप्पट. आणि हा हिशेब रेंजवरच्या शांत हाताचा आहे. समोर माणूस चाल करून येतोय, छाती धडधडतेय, तेव्हाचा नाही.

गोळी लागली तरी काय होतं, हेही स्पष्ट सांगायला हवं. बत्तीसच्या काडतुसाची ताकद नऊ मिलिमीटरच्या जेमतेम एक तृतीयांश भरते, आणि आखूड नळीतून सुटलेली बावीसची गोळी त्याहूनही कमी. बावीसची दारू रायफलच्या लांब नळीत पूर्ण काम करते. आखूड नळीत तिला वाव मिळत नाही, बराचसा जोर तोंडाशीच आगीच्या लोळात आणि आवाजात वाया जातो. म्हणून हल्लेखोर जागच्या जागी थांबेलच याची खात्री धरू नका. आणि उलट, बावीस म्हणजे खेळणं असंही समजू नका. चुकलेली गोळी एक किलोमीटरपेक्षाही पुढे जाऊ शकते आणि माणूस मारायला ती पुरेशी असते. तुमच्या पंपाच्या मागे वस्ती आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

बावीसचा आणखी एक कमकुवतपणा म्हणजे पेटवणारा मसाला काडतुसाच्या कडेत पसरलेला असतो. कुठे कमी पडला, की 'टक्' आवाज येतो आणि गोळी सुटत नाही. बत्तीसमध्ये मधोमध टोपी असते, ती जास्त भरवशाची. रिव्हॉल्व्हरचा फायदा हा की पुन्हा चाप ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. रेंजवर मात्र असं 'टक्' झालं तर तोंड निशाण्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. उशिरा पेट घेणारं काडतूस क्वचित असतं, पण असतं.

आता तुमच्या भाच्याच्या म्हणण्याकडे येतो. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना वेगळ्या परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. तिथे खिशातल्या पिस्तुलांची मोठी बाजारपेठ आहे आणि काही जण एक बेल्टवरचं, एक खिशातलं अशी दोन ठेवतात. रुगर कंपनीचं एलसीपी हे पिस्तूल २००८ मध्ये आलं, वजन साधारण २६५ ग्रॅम, आणि प्रचंड खपलं. पण त्याच वर्षी कंपनीने सुरुवातीची पिस्तुलं परत मागवली. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या काडतुसाच्या घरात) राउंड, म्हणजे काडतूस, असताना पिस्तूल कठीण जमिनीवर पडलं तर गोळी सुटू शकते, अशा तक्रारी आल्या होत्या. कंपनीने ती सुधारून दिली, हे चांगलंच केलं. पण यावरून एवढं दिसतं की हत्यार जितकं लहान करावं, तितके आतले सुरक्षेचे भाग बारीक होत जातात आणि चुकीला जागा उरत नाही. शिवाय छोट्या ऑटोमॅटिक पिस्तुलाला मनगट कडक लागतं. मनगट सैल पडलं तर स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण मागे जात नाही आणि रिकामं काडतूस दारातच अडकतं. कुस्तीच्या झटापटीत कडक मनगट कुठून आणणार?

खिशात किंवा पर्समध्ये ठेवण्याच्या सवयीने होणारे अपघात मला जास्त छळतात. ३० डिसेंबर २०१४ ला अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या हेडन इथे, वॉलमार्टच्या दुकानात, दोन वर्षांच्या मुलाने ट्रॉलीत बसल्या बसल्या आईच्या पर्समध्ये हात घातला. आत पिस्तूल होतं, पिस्तुलासाठी केलेल्या खास कप्प्यात. मुलाच्या हातून गोळी सुटली आणि आई तिथेच गेली. ती शिकलेली होती, परवानाधारक होती, पर्सही त्यासाठीच बनवलेली होती. तुमच्या घरात नातू आहे, असं तुम्ही लिहिलंय. आजीची पर्स म्हणजे नातवाला चॉकलेटची जागा.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. बाहेरगावी निघताना रिव्हॉल्व्हर ठेवत होते आणि ते हातातून निसटलं, असं सांगितलं गेलं. ते वाचले. भरलेलं हत्यार घाईत हाताळणं किती धोक्याचं, हे त्या बातमीने निदान लोकांना कळलं असेल.

आणि एक माझ्या टेबलावरचं. एक वयस्कर गृहस्थ वडिलांचं जुनं परदेशी पंचवीस बोअरचं पिस्तूल सफाईला घेऊन आले. तळहातात झाकलं जाईल एवढं. मॅगझिन (काडतुसं भरायची डबी) वेगळं काढून रुमालात गुंडाळलेलं. म्हणाले, "रिकामं आहे, मॅगझिन काढलंय." मी तोंड वाळूच्या पेटीकडे केलं आणि स्लाइड ओढली. चेंबरमधून एक हिरवट पडलेला राउंड उडून टेबलावर पडला. किती वर्षं तो आत होता कोण जाणे. ते पिस्तूल घरातल्या तीन पिढ्यांनी 'रिकामं' म्हणून हाताळलं होतं. गृहस्थ खुर्चीत बसले ते बराच वेळ बोललेच नाहीत. आत आणखी काय होतं? कापसासारखी घट्ट बसलेली कोटाच्या अस्तराची धूळ आणि खायच्या गोळीच्या चांदीच्या कागदाचा एक कपटा, फायरिंग पिनच्या वाटेत. वेळ आली असती तर ते चाललं नसतं, आणि नको तेव्हा कदाचित चाललं असतं.

म्हणून खिसा किंवा पर्स ही हत्याराची जागा नव्हे, होल्स्टर, म्हणजे हत्याराचं म्यान, ही जागा आहे. चाप पूर्ण झाकणारं, कडक, त्याच मॉडेलच्या मापाचं होल्स्टर. नुसतं पर्समध्ये टाकलं की किल्ली, पेन, लिपस्टिकचं झाकण, काहीही चापाच्या कडीत शिरतं, आणि बाकीचं काम हात घालतानाची घाई करते. कायद्यालाही हेच अपेक्षित आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या तशाच आवरणात, झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असायला हवं. खांद्यावरून काढून काउंटरवर ठेवलेली पर्स तुमच्या ताब्यात नसते.

पर्सबद्दल दुसरी गोष्ट कुणी बोलतच नाही. रोकड आहे म्हटल्यावर चोर आधी काय ओढतो? पर्सच. तुमचं हत्यार पहिल्याच सेकंदाला त्याच्या हातात. आणि त्याने ओढली नाही असं धरलं, तरी वेळ बघा. माझ्याकडच्या महिलांना मी रिकाम्या सरावाच्या रिव्हॉल्व्हरने हे करून बघायला लावतो. चेन उघडा, चाचपा, पकडा, बाहेर काढा, रोखा. सात-आठ सेकंद जातात. कमरेच्या होल्स्टरमधून थोड्या सरावानंतर दोन-अडीच. मोटरसायकलवरून आलेला माणूस मिरचीपूड फेकून हातभर अंतरावर असतो, त्याला सात सेकंद कोण देणार?

हाताच्या बोटांचंही सांगून ठेवतो. आखूड नळीच्या हत्याराला दुसऱ्या हाताचा आधार देताना डाव्या हाताचं बोट नकळत तोंडापुढे जातं. रेंजवर मी ओरडून थांबवलेले असे किमान चार जण मला आठवतात. आणि रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर व नळी यांच्या मधल्या फटीतून गरम वायू बाहेर फेकला जातो, तिथे बोट असेल तर कातडी सोलून निघते. मोठ्या हत्यारावर हात ठेवायला जागा असते. छोट्यावर चूक आणि बरोबर यांच्यात बोटभरही अंतर नसतं.

पावसाळ्याचं थोडक्यात. टायटॅनियम गंजत नाही, पण स्प्रिंगा आणि पिना गंजतात. अंगाचा घाम सगळ्यात वाईट. जवळ बाळगत असाल तर जून ते सप्टेंबर दर आठवड्याला तेलाची चिंधी फिरवा आणि काडतुसं वर्षाला बदला. जुनी रेंजवर उडवून टाका.

मग मी काय घेईन? तुमच्या जागी असतो तर बत्तीसचं ७०० ग्रॅमचं पोलादी रिव्हॉल्व्हर. ते बाजूला उघडणारं घ्यायचं की मोडून उघडणारं, हे हातात धरून ठरवा. तुमच्या बोटाला चाप सहज पोचतो का, हे 'प्रबल'च्या जाहिरातीतल्या ५० मीटरच्या पल्ल्यापेक्षा महत्त्वाचं. कारण तुमचा प्रसंग ५ मीटरच्या आतच घडणार. मनगटाचा संधिवात असेल आणि चाप खरोखर ओढवतच नसेल, तर बावीसचा विचार समजू शकतो, पण ते कमरेला, होल्स्टरमध्ये आणि दुप्पट सरावाच्या तयारीने. घेण्याआधी दुकानदाराला एक विचारा: घोड्याच्या मागे ठोका बसला किंवा हत्यार खाली पडलं तर पिन काडतुसापर्यंत पोचू नये म्हणून आत अडसर आहे का? त्याला सांगता आलं नाही तर एखाद्या आर्मररला दाखवा. अडसर नसेल तर घोड्याखालचं घर कायम रिकामं ठेवायचं, एक काडतूस कमी.

सरावाचं म्हणाल तर पहिल्या तीन महिन्यांत महिन्यातून दोनदा रेंज, आणि घरी रोज दहा मिनिटं नकली काडतुसांनी, खोलीत खरं काडतूस एकही नसताना. परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घेता येतात त्याची मर्यादा असते, म्हणून नाण्याचा सराव जास्त आणि खऱ्या गोळ्या मोजून. घरी आल्यावर हत्यार तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली देवघरात नको, ती जागा घरातल्या सगळ्यांना माहीत असते.

कायद्याचंही मनात स्पष्ट असू द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. जबरी चोरीच्या प्रसंगी तो बराच पुढे जातो, पण गरजेपेक्षा जास्त बळ वापरता येत नाही. पैसे घेऊन पाठमोऱ्या पळणाऱ्यावर गोळी झाडली तर पुढची काही वर्षं कोर्टात जातील. निवडणुका आल्या की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीसही येऊ शकते, म्हणजे तेवढे दिवस तुमच्याकडे काहीच नसणार. त्यामुळे रोकडीची व्यवस्था हत्यारावर अवलंबून ठेवू नका. रोजची वेळ आणि रस्ता बदला. एकटीने जाऊ नका. जमेल तितकी रक्कम दिवसातून दोनदा भरा. रोकड उचलून नेणाऱ्या गाडीची सेवा तुमच्या भागात मिळते का, हे बँकेला विचारा. माझ्या मते तुमच्या खऱ्या संरक्षणाचा मोठा भाग यातच आहे.

पैसे भरण्याआधी एक आठवडा एवढं करा. स्वयंपाकघराच्या काट्यावर ७०० ग्रॅम तांदूळ मोजून जाड कापडी पिशवीत शिवा आणि ओढणीखाली कमरेला घट्ट बांधून पंपावर जा. बसा, उठा, गाडी चालवा, बिलं लिहा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वजन जाणवेनासं झालं तर मोठं रिव्हॉल्व्हर तुम्हाला पेलतं. आठव्या दिवशीही ती पिशवी काढून पर्समध्ये टाकावीशी वाटत असेल, तर मला पुन्हा लिहा. पैसे मात्र तोवर भरू नका.